कामानिमित्त वरचेवर कोल्हापूर: सकाळी नऊच्या आधी, संध्याकाळी सहाच्या नंतर

फिरस्ता४८

शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल किंवा इचलकरंजीला ज्यांना महिन्या-दीड महिन्यानं कामासाठी यावंच लागतं, त्यांच्यासाठी हा धागा काढतोय. 'दोन दिवसांत कोल्हापूर' छापाचे लेख ढिगानं सापडतात. त्यांत अंबाबाई, रंकाळा, न्यू पॅलेस, पन्हाळा एका दमात उरकलेलं असतं. पुढच्या महिन्यात परत यायचंच आहे त्याला अशा यादीचा उपयोग नाही. त्याच्या हातात सकाळचे दोन तास, संध्याकाळचे तीन-चार तास आणि क्वचित काम लवकर आटोपलं तर अर्धा दिवस असतो.

माझं मत असं, की एका फेरीला एकच गोष्ट धरावी आणि ती तिच्या वेळेला करावी. या गावात प्रत्येक गोष्टीची वेळ ठरलेली आहे. मिसळ सकाळची, तालीम पहाटेची, फुटबॉल दुपारचा, पालखी शुक्रवारी रात्रीची, गुऱ्हाळ हिवाळ्यातलं. वेळ चुकली की तीच जागा रिकामी वाटते.

जाणकारांनी चार गोष्टींवर लिहावं: मुक्काम कुठे करावा, खाण्याच्या वेळा काय, कोणत्या महिन्यात काय धरावं आणि घरी काय न्यावं, ते पारखायचं कसं. किमती लिहू नका, त्या सहा महिन्यांत शिळ्या होतात.

राजारामपुरी_८वी

मुक्कामावरच सगळं ठरतं, म्हणून आधी तेच. शिरोलीत काम आहे म्हणून महामार्गावर सांगली फाट्याजवळ राहिलात तर सकाळची पंधरा मिनिटं वाचतात, पण संध्याकाळ हातची जाते. एकदा खोलीवर पाय टेकले की परत सहा-सात किलोमीटर गावात येणं होत नाही. गोकुळ शिरगाव गावापासून साधारण दहा किलोमीटर, कागल वीसच्या आसपास. ही अंतरं रोज जाऊन-येऊन करण्यासारखी आहेत, तेव्हा गावातच राहा.

स्टेशन, मध्यवर्ती बसस्थानक आणि शाहूपुरी हा पट्टा एका रात्रीसाठी सोयीचा. रिक्षा कधीही मिळते, जेवण पायी अंतरावर. दोन-तीन रात्री असतील तर ताराबाई पार्क शांत आहे, झाडी आहे, सकाळी चालायला बरं. राजारामपुरीत गल्ल्यांना नंबर आहेत, त्यामुळे पत्ता चुकत नाही आणि रात्री मुख्य रस्त्यावर खाण्याची चंगळ. महाद्वार रोडच्या आसपास देवळाच्या ओढीनं खोली घेणाऱ्यांनी गाडीचा विचार आधी करावा. तिथं गाडी उभी करायला जागा नाही. बिंदू चौक किंवा दसरा चौकातल्या वाहनतळावर लावून पायी जावं लागतं, आणि मंगळवार-शुक्रवारी, रविवारी तो भाग गच्च असतो.

सकाळी बाहेर पडायचं तर नऊच्या आत. नऊ ते साडेदहा कावळा नाका, म्हणजे ताराराणी चौक, आणि दाभोळकर कॉर्नर तुंबतात. संध्याकाळी साडेपाच ते आठ तेच उलट दिशेनं. काम पाचला संपलं तर लगेच निघा, साडेपाचच्या चहाला थांबलात तर अर्धा तास जास्त धरा. औद्योगिक वसाहतींचा साप्ताहिक सुट्टीचा वार रविवारच असेल असं गृहीत धरू नका, ज्या कारखान्यात जायचंय तिथं विचारूनच तिकीट काढा.

मटकी_उसळ

मिसळीबद्दल सविस्तर लिहितो, कारण बाहेरून येणारे बहुतेक जण ती चुकीच्या वेळेला आणि चुकीच्या पद्धतीनं खातात.

वेळ सकाळी आठ ते साडेनऊ. उद्यमनगरातली फडतरे मिसळ, बावडा मिसळ, खासबागेजवळची, चोरगे, सगळीकडे उसळ पहाटे शिजते आणि संपली की दुकान बंद. दुपारी एकनंतर जाणं म्हणजे नशिबाचा खेळ. उशिरा मिळालीच तर कट, म्हणजे वरून ओतायचा तिखट रस्सा, आटून घट्ट आणि खारट झालेला असतो.

आता ताटली. खाली मटकीची उसळ, काही ठिकाणी बटाट्याची भाजी किंवा पोहे, वर शेव-चिवडा-पापडी, बारीक चिरलेला कांदा, कोथिंबीर, लिंबाची फोड. त्यावर कट. सोबत पाव नव्हे, ब्रेडच्या जाड स्लाइस. हा फरक पुण्या-मुंबईकरांना खटकतो, पण त्याला कारण आहे. पाव मऊ असतो, पातळ कटात बुडवला की विरघळतो. जाड ब्रेड कट शोषून घेतो आणि हातात टिकतो.

चूक होते ती इथं: वाढलेला सगळा कट एकदम ताटलीत ओतला जातो. दोन मिनिटांत फरसाणाचा लगदा होतो आणि शेवटचे घास नुसते पिठाळ लागतात. कट वाटीत वेगळा ठेवा. चार घासांपुरता ओता, संपला की परत. कट बहुतेक ठिकाणी मागाल तेवढा मिळतो, घाईचं कारण नाही. लिंबू कट ओतल्यावर पिळा, आधी फरसाणावर पिळलं तर शेव लगेच मऊ पडते.

तिखटाचं म्हणाल तर सगळा जाळ वरच्या तेलात, म्हणजे तर्रीत असतो. मिरचीचा तिखटपणा आणि रंग दोन्ही तेलात उतरतात, पाण्यात नाही. म्हणून 'तिखट कमी करा' एवढं सांगून उपयोग होत नाही, कट तर एकाच पातेल्यातला असतो. 'तर्री नको, खालचा रस्सा द्या' असं म्हणा. वाढणारा डाव खाली घालून देतो. जास्त झालं तर पाणी पिऊ नका, त्यानं तिखट तोंडभर पसरतं. दही किंवा ताक घ्या.

वैदेही_अ

उपयुक्त माहिती. शाकाहारी माणसानं रात्री काय खावं? प्रत्येक जण मटणाच्या तांबड्या-पांढऱ्या रस्स्याचंच सांगतो.

मटकी_उसळ

वैदेहीताई, अख्खा मसूर आणि भाकरी. सांगली-कोल्हापूर भागातलं हे हुकमी जेवण आहे. तव्यावरून आलेली भाकरी पातळ आणि फुगलेली असेल तिथंच बसा, आधीच करून ठेवलेल्या भाकरीचा पापुद्रा चिवट होतो. सोबत खर्डा मागा: हिरवी मिरची, लसूण, मीठ, शेंगदाणे, तव्यावर भाजून तिथंच तांब्यानं रगडलेला. मिक्सरमधला पाणचट असतो, तो ओळखू येतो. हलकं हवं असेल तर लोणी डोसा. संध्याकाळी खासबागेजवळची राजाभाऊंची भेळ किंवा रंकाळ्याच्या चौपाटीवरची. भेळ समोर कालवून घ्या आणि उभ्यानं संपवा. बांधून खोलीवर नेली तर दहा मिनिटांत चुरमुरे बसतात.

चुलवाण

तांबडा-पांढरा माझ्याकडे.

दोन्हींचा पाया एकच, मटण शिजलेलं पाणी, त्याला इथं 'अळणी' म्हणतात. मटण हळद, मीठ, आलं-लसूण लावून शिजवतात, त्या पाण्याचे दोन भाग होतात. पांढऱ्यात नारळाचं दूध, खसखस, काजू, मगज, पांढरे तीळ यांचं वाटण, अख्खा गरम मसाला आणि मिरी. हळद त्यात अगदी नावापुरती, नाहीतर पांढरा पिवळा होतो. तांबड्यात भाजलेलं सुकं खोबरं, कांदा, तीळ आणि कांदा-लसूण चटणी. कोल्हापुरात 'चटणी' म्हणजे तिखट-मसाल्याची पूड, ओली चटणी नव्हे. दुकानात मागताना हे लक्षात ठेवा.

पांढरा नाजूक असतो. नारळाचं दूध घातल्यावर जोरात उकळी आली की तो फुटतो, वर तेल आणि खाली पाणी. खानावळीत तो मंद आचेवर ठेवतात. पण रात्री दहाला गेलात तर तीन तास आचेवर बसलेला रस्सा मिळतो, जाडसर आणि किंचित दाणेदार. म्हणून दुपारी साडेबारा ते दीड, रात्री साडेसात ते साडेआठ. चार-पाच वाजता ताट मागायला जाऊ नका, बहुतेक खानावळी दुपारी साडेतीनला चूल उतरवतात आणि सातच्या सुमारास परत सुरू करतात.

ताटात सुकं मटण, दोन्ही रस्से, भाकरी किंवा चपाती, भात, कांदा-लिंबू, बऱ्याच ठिकाणी दही-कांदा. रस्से परत परत मिळतात. पहिली वाटी पांढऱ्याची, कोमट असतानाच प्या. मग भाकरी सुक्याबरोबर, तांबडा भाकरी कुस्करून, शेवटी भातावर पुन्हा पांढरा. तांबड्यापासून सुरुवात केली की जीभ भाजते आणि पांढऱ्याची मिरी-खसखस कळतच नाही. ओपल, पद्मा, देहाती, पारख ही जुनी नावं सगळ्यांना ठाऊक आहेत. कारखान्यातल्या लोकांना विचाराल तर ते वसाहतीजवळची एखादी घरगुती खानावळ सांगतील, आणि दुपारच्या जेवणासाठी ती चांगलीच निघते. तिथं फक्त सकाळी दहाच्या आत फोन करून 'किती ताटं' ते सांगावं लागतं. मटण तेवढंच आणतात.

घाटी_दरवाजा

अंबाबाईचं दर्शन कामाच्या फेरीत बसवायचं तर पहाट किंवा रात्र. मंगळवार, शुक्रवार आणि रविवार टाळा. वेळ अगदीच कमी असेल तर मुखदर्शन घ्या. गाभाऱ्यापर्यंतची मुख्य रांग वेगळी, मुखदर्शनाची वेगळी. दुसरी भराभर सरकते. देवळाला चार दरवाजे: पश्चिमेला महाद्वार, उत्तरेला घाटी दरवाजा, शिवाय पूर्व आणि दक्षिण. चप्पल ज्या दरवाज्याला ठेवाल त्याच दरवाज्यानं बाहेर या, नाहीतर अनवाणी अर्धी प्रदक्षिणा ठरलेली.

शुक्रवारची रात्र कोल्हापुरात असेल तर मात्र गर्दी असूनही या. त्या रात्री देवीची पालखी देवळाच्या आवारात फिरते. साडेनवाच्या सुमाराला पोहोचलात तर उभं राहायला जागा मिळते.

आणि किरणोत्सव. देवी पश्चिमाभिमुख आहे, म्हणून मावळतीची किरणं महाद्वारातून थेट गाभाऱ्यात शिरतात. नोव्हेंबरात ९, १०, ११ आणि मग ३१ जानेवारी, १ व २ फेब्रुवारी. पहिल्या दिवशी चरणांपर्यंत, दुसऱ्या दिवशी छातीपर्यंत, तिसऱ्या दिवशी मुखापर्यंत, असा क्रम मानतात. दर वेळी तो पूर्ण होतोच असं नाही. ढग, हवेतलं बाष्प आणि धूळ यांनी किरणं मंदावतात, शिवाय महाद्वार रोडच्या वाटेत कुठं काही आडवं आलं तर ती मधेच अडतात. सगळा खेळ सूर्यास्ताच्या आधीच्या काही मिनिटांचा. त्या दिवशी साडेपाचला कारखान्यातून निघून चालणार नाही, निदान दुपारी तीनला सुटायला हवं. नोव्हेंबरची फेरी ठरवताना तारखा हातात असतील तर हे आधीच जुळवून घ्या.

नवरात्रात नऊ दिवस गावात गाडी चालवायचा विचार सोडा. ललिता पंचमीला देवीची पालखी टेंबलाईच्या टेकडीवर जाते, तो दिवस तर पूर्ण धरूनच चाला.

लाल_माती

तालमीबद्दल. गंगावेश, मोतीबाग, शाहूपुरी या जुन्या तालमी. मेहनत पहाटे चार-साडेचारला सुरू होते आणि सातच्या आत उरकते. दुसरी फळी संध्याकाळी. बघायला गेलात तर आधी वस्तादांना विचारा. चपला बाहेर. हौद्याच्या, म्हणजे कुस्तीच्या आखाड्याच्या कडेला बसा, हौद्यात पाय ठेवू नका. फोटो विचारल्याशिवाय काढू नका, विचारलंत तर सहसा नाही म्हणत नाहीत.

हौद्यातली माती नुसती माती नसते. लाल माती चाळून तिच्यात ताक, तेल, हळद, लिंबू, कापूर मिसळतात. ताक-तेलानं ती मऊ आणि किंचित ओलसर राहते, अंगाला खरचटत नाही. हळद-कापूर जखम चिघळू नये म्हणून. कोरडी पडली की ती टणक होते आणि आपटलं की लागतं, म्हणून रोज खोऱ्यानं उकरून परतावी लागते. सकाळी लवकर गेलात तर हे काम नवी पोरं करताना दिसतील. कुस्तीइतकंच ते बघण्यासारखं आहे.

खासबाग मैदान शाहू महाराजांनी बांधून घेतलं. कुस्त्या नसल्या तरी सकाळी आत डोकावून या: मधला हौदा, भोवती चढत गेलेल्या पायऱ्या, कुठंही बसा, कुस्ती बघताना कुणी आडवं येत नाही. शेजारच्या केशवराव भोसले नाट्यगृहाला ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री आग लागली, तेव्हा नाटकाचा बेत करताना प्रयोग कुठं आहे ते आधी बघा.

फुटबॉल विसरू नका. हंगाम साधारण हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत. शाहू स्टेडियम, दुपारचे सामने. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल, प्रॅक्टिस, शिवाजी तरुण मंडळ अशी पेठांची, तालमींची नावं असलेले संघ. पाटाकडील-दिलबहार असेल त्या दिवशी अर्धं गाव तिथं असतं. दुसरा सामना चारच्या सुमाराला. मिरजकर तिकटीच्या बाजूनं गाडी नेऊ नका, रिक्षानं जा. सामना संपल्यावर पंधरा मिनिटं थांबूनच बाहेर पडा.

फिरस्ता४८

गंगावेशीतल्या दूध कट्ट्याबद्दल कुणी लिहील का? सकाळी लवकर जावं लागतं ना?

लाल_माती

सकाळी आणि संध्याकाळी, दोन्ही वेळेला. म्हैस समोर उभी, धार काढून तिथंच पेल्यात. तालमीतली पोरं व्यायाम करून थेट येतात. पण हे न तापवलेलं दूध आहे. ज्यांना सवय नाही त्यांनी, आणि गरोदर बायका, लहान मुलं, आजारी माणसं यांनी ते पिऊ नये, कच्च्या दुधातून आजार होतात. बघायला जरूर जा आणि बरोबर नेऊन तापवून प्या.

पायताण

चपलेवर लिहितो. बहुतेक जण पहिल्याच फेरीत घाईनं घेतात आणि दुसऱ्या फेरीत तक्रार करतात. तुम्हाला परत यायचंच आहे, तर पहिल्या फेरीत फक्त मापं बघा, दुसऱ्या फेरीत घ्या, तिसऱ्या फेरीत पट्टा ढिला झाला असेल तर त्याच दुकानात घट्ट करून घ्या. बाहेरगावच्या एकवारी गिऱ्हाईकाला ही सोय नाही.

तळाला म्हशीचं कातडं, बाभळीची साल आणि हिरडा यांत कमावलेलं. कडेच्या दोन बाजूंना तळातून वर आलेले कान, त्यांतून जाणारा आडवा पट्टा, पुढं अंगठा, मधे वेणी. शिवण चामड्याच्या वादीची, खिळा नाही. कापशी, कुरुंदवाडी ही प्रकारांची नावं गावांवरून आली आहेत. २०१९ साली कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं, ते महाराष्ट्रातल्या चार आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांना मिळून आहे. त्यामुळे अथणी-निपाणीकडची चपल नकली, असं कुणी सांगितलं तर ऐकू नका.

पारख अशी करा. कड बघा: चामड्याचे थर एकावर एक दिसले पाहिजेत आणि वादीचे टाके वरून खालपर्यंत गेलेले हवेत. स्वस्त मालात मधे पुठ्ठा भरतात. तळ दोन्ही हातांनी वाकवा. चामडं वाकतं आणि सावकाश सरळ होतं, पुठ्ठा करकचून मोडतो आणि वर सुरकुती राहते. वास घ्या, सालीत कमावलेल्या कातड्याला मातकट वास येतो, रंग-गोंदाचा झोंबणारा वास आला तर ठेवून द्या. चालताना कर्रकर्र आवाज येणं ही अस्सलपणाची खूण नव्हे. तो आवाज तळाच्या थरांत मुद्दाम घातलेल्या 'विंचू'मुळे येतो, हवा असेल तर सांगून घ्यायचा. दिवसभर गुळगुळीत फरशीच्या ऑफिसात वावर असेल तर नको म्हणा.

माप संध्याकाळी घ्या, दिवसभर चालून पाय थोडा फुगलेला असतो. चामडं रुंदीला सैल पडतं, लांबीला नाही. म्हणून पट्टा पहिल्या दिवशी जरा आवळ हवा, टाच मात्र मागं एक सूतही बाहेर नको. 'लांबीला वाढेल' असं म्हणणाऱ्या दुकानदाराकडून घेऊ नका.

चावते कुठं आणि का? अंगठ्याच्या आतल्या कडेला आणि पट्ट्याखाली, कारण कापलेली कड धारदार असते. घेतल्या रात्री त्या जागी कापडानं एरंडेल किंवा खोबरेल चोळा, सकाळी पुसा. थेंब-दोन थेंबच. तेल निथळेल इतकं लावलंत तर तळ मऊ पडून आकार जातो. पहिले पाच-सहा दिवस खोलीत अर्धा-अर्धा तास. नवी चपल घालून थेट पन्हाळा चढायला जाऊ नये.

पावसाळ्यात घालू नका. भिजलीच तर सावलीत, वर्तमानपत्राचे बोळे खाली घालून सुकवा. उन्हात ठेवली की कातडं आखडतं आणि टाके ताणून तुटतात. जून ते सप्टेंबर ती कपाटात, पण प्लास्टिकच्या पिशवीत नव्हे. पिशवीत बुरशी धरते.

वैदेही_अ

पायताण, बायकांच्या मापात रुंद पाय असेल तर?

पायताण

ताई, सरळ कारागिराकडे कागदावर पाऊल काढून द्या, उभं राहून, दोन्ही पायांचं. बसून काढलेलं माप कमी भरतं. पुढच्या महिन्यात येता तेव्हा तयार मिळते. भवानी मंडपाजवळच्या चप्पल लाइनीत मापानं करून देणारे आहेत. रेडीमेडमध्ये रुंदीचे पर्याय नसतात, लांबी वाढवून रुंदी मिळवायला गेलात तर टाच आपटते.

गडकोट

अर्ध्या दिवसासाठी पन्हाळा. गावातून वीस किलोमीटर, शिवाजी पुलावरून, वाघबीळाच्या फाट्यावरून वर. पाऊण तास धरा. दुपारी तीनला निघालात तर सगळा गड बघायचा हट्ट नको. आधी अंबरखाना, गंगा-यमुना-सरस्वती ही तिन्ही कोठारं. मग अंधारबाव, तीन दरवाजा, आणि सूर्यास्ताला पश्चिमेचा पुसाटी बुरूज. सज्जाकोठी पूर्वेच्या कड्यावर आहे, ती सकाळच्या फेरीसाठी ठेवा. झाडाखाली बसलेल्या मावशींकडची झुणका-भाकरी आणि घट्ट दही अंधार पडायच्या आत घ्या. जुलै २०२५ मध्ये 'मराठा लष्करी भूप्रदेश' म्हणून जागतिक वारशात गेलेल्या १२ किल्ल्यांत पन्हाळा आहे, तेव्हा सुट्टीच्या दिवशी गर्दी गृहीत धरा. पावसाळ्यात धुकं इतकं दाटतं की दहा फुटांवरचं दिसत नाही, तेव्हा घाटात दिवे लावून सावकाश.

जोतिबा त्याच वाटेवर आहे, पण रविवारी आणि चैत्र यात्रेच्या आसपास तिकडं वळू नका. रस्ता गुलालानं आणि गाड्यांनी भरलेला असतो.

इचलकरंजीला काम असणाऱ्यांनी खिद्रापूर सोडू नये. कोल्हापुराहून ते साठ किलोमीटर पडतं, इचलकरंजीहून बरंच जवळ. तिथल्या कोपेश्वराच्या शिवमंदिराचा स्वर्गमंडप: ४८ खांब, मधे गोल उघडं आकाश, खाली त्याच मापाची गोल शिळा. बाहेरच्या बाजूला तळाशी ओळीनं हत्ती, एकेकाच्या पाठीवर वेगळी मूर्ती. पुढं नंदी नाही, त्याची कथा गावातले लोक सांगतात. ऊन डोक्यावर यायच्या आत जा, तेव्हा गोलातून उतरलेला उजेड खांबांवर सरकताना दिसतो. येताना नृसिंहवाडीला संगम आणि बासुंदी. बासुंदी तिथंच खा, प्रवासात उन्हाळ्यात आंबते.

टाउन_हॉल

छोटी भर. टाउन हॉलमधलं सरकारी संग्रहालय सोमवारी बंद असतं आणि संध्याकाळी लवकर मिटतं, म्हणून सहानंतरच्या यादीत ते बसत नाही. दुपारी काम दोन तास अडकलं, यंत्र तापायला ठेवलं, सही व्हायची आहे, अशा वेळी जा. ब्रह्मपुरी टेकडीच्या उत्खननात मिळालेली पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची छोटी काशाची मूर्ती तिथं आहे. पंचगंगेच्या काठी रोमन व्यापाराची खूण, तळहाताएवढी. मोठ्या तोफांकडे बघत पुढं जाणारे ती हमखास चुकवतात.

खरी कॉर्नरला बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीची आठवण म्हणून उभारलेला कॅमेऱ्याचा स्तंभ आहे. महाद्वार रोडवरून चालत जाता जाता दिसतो.

पंचगंगाकाठ

जुलै-ऑगस्टमध्ये येणाऱ्यांसाठी. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावरची पाण्याची पातळी रोज जाहीर होते. ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका. निघायच्या आदल्या दिवशी हा आकडा बघा आणि त्याहून महत्त्वाचं, तो चढतोय की उतरतोय ते बघा. ३८ वर चढता असेल तर फेरी पुढं ढकला. ४१ वरून उतरता असेल तर एक दिवस थांबून या. राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडल्याची बातमी आली की पाणी गावापर्यंत यायला काही तास लागतात, तेवढ्यात निर्णय घ्यावा लागतो.

आधी पन्हाळा-रत्नागिरीकडचा रस्ता केर्लीजवळ बंद होतो. फार चढलं तर शिरोलीजवळ महामार्गावरच पाणी येतं, २०१९ च्या ऑगस्टात आणि २०२१ च्या जुलैत आलं होतं. तेव्हा पुण्याकडची वाट पूर्ण तुटते, म्हणून शिरोलीत काम असेल तर मुक्काम नदीच्या कोणत्या बाजूला आहे हे बघून ठेवा. एरवीच्या पावसात मात्र रंकाळ्याची सकाळ सोडू नका. संध्यामठाच्या बाजूनं शालिनी पॅलेसकडं चालत जा, पूर्ण फेरीला तासभर धरा. कळंबा तलावाची बाजू त्याहून शांत.

चुलवाण

घरी न्यायला गूळ. नोव्हेंबर ते मार्च गुऱ्हाळं चालू असतात. दिवाळी पाडव्याला शाहू मार्केट यार्डात मुहूर्ताचे सौदे निघतात, तिथून हंगाम धरा. कारखान्यातल्या कुणाचं तरी गुऱ्हाळ असतंच, विचारा.

रस काहिलीत, खाली चिपाडाचा जाळ. भेंडीच्या पाण्यानं मळी वर येते, ती झाऱ्यानं काढतात. मळी नीट निघाली नाही तर गूळ काळपट आणि किरकिरा होतो. घट्ट होत आल्यावर आधी काकवीचा टप्पा. काकवी हवी तर तेव्हाच सांगावं लागतं, दहा मिनिटांनी उशीर झालेला असतो. पुढं गुळव्या थोडा पाक पाण्यात टाकून बघतो, बोटात गोळी झाली की काहील उतरवतात. क्षणभर आधी उतरली तर गूळ पाघळतो, नंतर उतरली तर करपट लागतो. सगळं त्या एका माणसाच्या बोटावर. शंभर किलो उसाला दहा-बारा किलो गूळ पडतो.

विकत घेताना लखलखीत पिवळ्याच्या मागं लागू नका, तो रंग बहुधा रसायनानं आणलेला असतो. तांबूस-तपकिरी घ्या. तुकडा जिभेवर ठेवा, खारट लागला तर जुना किंवा खाऱ्या जमिनीतला. किलोच्या ढेपा न्या, मोठी फोडली की हवेतलं पाणी ओढून घेते. पावसाळ्याआधी स्टीलच्या घट्ट डब्यात.

वैदेही_अ

आणि कांदा-लसूण चटणी रेल्वेतून नेताना बॅगेत तेल सुटतं, त्याला काय करायचं?

चुलवाण

ताई, लक्ष्मीपुरीत ताजी घेतलीत तर ती कांडून गरम असते. लगेच बांधून घेऊ नका, कागदावर पसरून अर्धा तास निवू द्या. गरम चटणी पिशवीत घाम धरते आणि महिनाभरात जाळी लागते. पाव-पाव किलोच्या पुड्या करून घ्या, दोन पिशव्या, मधे वर्तमानपत्र. घरी पोहोचल्यावर काचेच्या बरणीत दाबून भरा.

महालक्ष्मी एक्सप्रेसनं मुंबईला परतणार असाल तर ती रात्री नवाच्या आत सुटते. ताट सातच्या ठोक्याला मांडून घ्या, शाहूपुरीत जेवलात तर स्टेशन पायी दहा-पंधरा मिनिटं. पुण्याकडची वंदे भारत आठवड्यातून तीनच दिवस आहे, वार बघून तिकीट काढा. गाडीनं जाणाऱ्यांनी कागल-सातारा सहापदरीकरणाच्या वळणरस्त्यांसाठी तास जास्तीचा धरावा.